पाकिटावरची पहिली चिठ्ठी

“तिसरी घडी उलटी घातलीस बघ,” काकी म्हणाल्या. “सोड, आणि परत घाल.”

मी सोडली, परत घातली. पाकीट पुन्हा वाकडंच झालं. काकींनी उशीला टेकल्या टेकल्याच ते माझ्या हातातून घेतलं, वर्तमानपत्राचा तो चौकोन मांडीवर सपाट केला आणि चार बोटांत पाकीट तयार करून माझ्यापुढे टाकलं. मनगट एवढंसं झालं होतं, बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या, पण घडी कशी सुरीनं कापल्यासारखी.

“तुझ्या आईनं पोळ्या तरी शिकवल्यात काय गं?”

“शिकवल्या होत्या. त्याही अशाच होतात.”

काकी हसल्या आणि हसता हसताच पोट धरून वाकल्या. पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ऑगस्ट सरत आला होता आणि दिवाळीचं नाव त्या घरात कुणी काढत नव्हतं.

काकी म्हणजे पद्मावती चौगुले, आमच्या सरांच्या बायको. सरांना, म्हणजे प्राध्यापक अण्णासाहेब चौगुल्यांना, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण शेवाळांवर पीएच.डी. करायची तर आमच्या भागात त्यांच्याकडे गेल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी दर रविवारी कोल्हापूरहून एसटीनं जयसिंगपूरला जायची. शेवाळ हा शब्द सरांना खपायचा नाही. “शेवाळ पाण्यात असतं. हे मॉस, आणि हे लिव्हरवर्ट,” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले आणि पुढची चार वर्षं म्हणत राहिले. काकी शेवाळच म्हणायच्या, आणि मी काकींच्या पार्टीतली.

त्या घरात तीन कपाटं भरून पाकिटं होती. डोंगरातून आणलेलं वाळवून पाकिटात घालायचं आणि वर चिठ्ठी चिकटवायची: जातीचं नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, ओळखणाऱ्याचं नाव. पाकिटं घालायच्या काकी आणि चिठ्ठ्याही लिहायच्या काकीच. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. इंग्रजीतलं एक वाक्य वाचता येत नव्हतं, पण झाडांची लॅटिन नावं अशी लिहायच्या की छापलेलं त्यापुढे गबाळं दिसावं. सरांच्या अक्षराला तर सरही नावं ठेवायचे.

गंमत अशी, की घर जैनांचं. हिरव्यावर पाय द्यायचा नाही, शेवाळावर तर नाहीच, त्यात अनंत जीव असतात म्हणून. आणि नवऱ्यानं नेमकं तेच खरवडून आणायचा उद्योग धरलेला. “यांनी पाप करायचं आणि मी त्याला घडी घालायची,” काकी म्हणायच्या. क्षमावाणीला, म्हणजे पर्युषण संपल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात त्या दिवशी, काकी शेजारीपाजारी फिरून आल्या की त्या तीन कपाटांपुढे हात जोडून उभ्या राहायच्या. सर तेवढा वेळ पेपरात तोंड घालून बसायचे.

त्या दिवशी मी गेले होते ते एकाच पाकिटासाठी.

अकरा वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात सर कातळावर चढले होते आणि काकी खाली झऱ्याशी थांबल्या होत्या. सगळीकडे हिरवं, पाय ठेवायला जागा नाही. काकी एक पाय उचलून, खाली बघत उभ्या. तशा उभ्या असतानाच त्यांनी हाक मारली, “अहो, इथलं हिरवं जरा निराळं दिसतंय.” सर उतरले, भिंग लावलं आणि म्हणे अर्धा तास तिथून उठलेच नाहीत. ते एक लिव्हरवर्ट होतं. त्याच्या साध्या भावंडाला, म्हणजे नेहमी सापडणाऱ्या जातीला, पोटाकडच्या बारक्या पानाला दोन फाटे असतात, याला चार. सरांनी सगळी पुस्तकं पालथी घातली, दोन ठिकाणी पत्रं पाठवली. उत्तर आलं, एवढ्याशा फरकावर नवी जात म्हणता येणार नाही. मग रस्ता रुंद झाला, झऱ्याचा कातळ गेला, आणि जगात उरलं ते एवढं एक पाकीट.

मग आमच्या कॉलेजात डीएनएचं यंत्र आलं. प्रत्येक जातीच्या डीएनएतला एक ठरलेला तुकडा वाचायचा आणि तो कुणाशी जुळतो ते बघायचं. दुकानात डब्यावरच्या रेघा वाचून यंत्र मालाचं नाव सांगतं तसंच, म्हणून त्याला बारकोड म्हणायचे. काकींचं लिव्हरवर्ट कुणाशीच जुळलं नाही, तर ते नवं. आणि नवं निघालं, तर सर त्याला काकींचं नाव देणार होते. पद्मावती. सर हे उघड बोलायचे नाहीत, पण गेल्या दोन महिन्यांत त्यांनी मला तीनदा विचारलं होतं, “साधारण किती दिवस लागतात गं तुझ्या यंत्राला?”

सर चहा करायला आत गेले तेव्हा काकींनी मला जवळ बोलावलं.

“यांना सांगू नको हं. ते नावाचं.”

“काय काकी?”

“मी यांना म्हणते, मला कशाला पाहिजे नाव. पण मला पाहिजे आहे.” काकी कपाटाकडे बघत होत्या. “पोरबाळ झालं नाही. त्याचं आता काय वाटत नाही. पण एवढी पाकिटं लिहिली, सगळ्यांवर गोळा करणार चौगुले, ओळखणार चौगुले. माझं अक्षर, नाव यांचं. एकावर आपलं असावं, असं वाटतंय. हावरट म्हणशील.”

“तुमच्यासारखी हावरट बाई जिल्ह्यात नाही,” मी म्हटलं. मला रडू येत होतं म्हणून तसं म्हटलं.

“जायच्या आधी कळलं तर बरं,” काकी म्हणाल्या. मग सर चहा घेऊन आले आणि त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

“हे बघ वृषाली. यात सगळं मिसळलेलं आहे. साधं आणि आपलं एकाच गादीत वाढतंय, आणि आपल्या काड्या फार तर सातआठ. नुसत्या डोळ्याला सारख्याच दिसतात, भिंगालासुद्धा. मायक्रोस्कोपखाली एकेक काडी उलटी करून पोटाकडचं पान बघायचं, चार फाटे दिसले तरच घ्यायची. मी करून दिलं असतं.” त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती. “पण आता चिमटा धरवत नाही.”

“सर, मी करते की. काळजी करू नका.”

“दोन दिवस लागतील.”

“लागू देत.”

त्या वेळी मी सव्वीस वर्षांची होते आणि मनातून या पानं मोजण्याच्या कामाला हसायची. आयुष्यभर फाटे मोजत बसायचं, आणि यंत्र चार दिवसांत सांगतं. हे मी सरांना कधी बोलले नाही, पण मैत्रिणींत बोलायची.

आमचं यंत्र तो तुकडा फक्त वाढवून द्यायचं; प्रत्यक्ष वाचायला नमुने बंगळूरला जायचे आणि कुरिअर सोमवारी निघायचं. मध्ये यंत्र दुसऱ्यांच्या कामाला होतं, त्यामुळे मला मिळाला तो सप्टेंबरातला एक शुक्रवार. आदल्याच दिवशी, गुरुवारी, सरांचा फोन आला होता की काकींनी दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. सोमवार चुकला तर पुढचा सोमवार. मी सकाळी नऊला मायक्रोस्कोपला बसले. अकरा वाजेपर्यंत साठसत्तर काड्या उलट्या केल्या. सगळ्या दोन फाट्यांच्या. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सव्वाअकराला लाइट गेली.

शुक्रवारी लाइट जाणार हे मला माहीत असायला हवं होतं. दर शुक्रवारी जायची. शिपाई म्हणाला, दोनपर्यंत येत नाही. दोननंतर काड्या शोधायला बसले असते तर डीएनए काढायला वेळच उरला नसता. मी बशी खिडकीत नेली आणि हातभिंगानं बघायला लागले. तीन काड्या मला जरा निराळ्या वाटल्या. किंचित फिकट, जरा ताठ. चार वर्षं हेच करतेय, मला कळत नाही होय, असं मनाशी म्हटलं आणि त्या उचलल्या.

आमच्याकडे नियम होता. काडीचा शेंडा डीएनएसाठी चिरडायचा आणि बुडखा कागदात जपून ठेवायचा. त्याला आम्ही साक्षीदार म्हणायचो. आधी साक्षीदार मायक्रोस्कोपखाली घालायचा, ओळख पटली की मग पुढचं. दोनला लाइट आली. मी शेंडे चिरडले, नळ्यांत घातले, यंत्र लावलं. साक्षीदारांची पुडी केली, तारीख घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, बघू नंतर.

संध्याकाळी सरांचा फोन.

“झालं?”

“झालं सर. सोमवारी जातंय.”

“मायक्रोस्कोपखाली निवडल्यास ना काड्या?”

“हो सर.”

“चार फाटे दिसले?”

“हो.”

“शाबास,” सर म्हणाले. आत काकींना सांगतानाचा त्यांचा आवाज मला फोनमध्ये ऐकू आला, “मिळाल्या गं तिला, तुझ्या काड्या मिळाल्या.”

पुढच्या आठवड्यात क्षमावाणी आली. सकाळीच फोन वाजला. काकींचा आवाज इतका खोल गेला होता की आधी मला ओळखूच आला नाही.

“उत्तम क्षमा गं वृषाली. जाणता अजाणता तुला काही बोलले असेन, पोळ्यांवरून, घड्यांवरून, तर क्षमा कर.”

“काकी, तुम्ही कसली क्षमा मागताय?”

“असं नसतं बाई. आज मागायचीच असते. तुझं काही असलं तर तूही बोल.”

आता वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं. पुडी ड्रॉवरमध्येच होती, दहा मिनिटांचं काम होतं. पण मला तेव्हा खरंच वाटत होतं की काड्या बरोबरच असणार. मी म्हटलं, “उत्तम क्षमा काकी,” आणि त्यांनी फोन सरांना दिला.

सत्तावीस सप्टेंबरला बंगळूरहून उत्तर आलं. तिन्ही नळ्यांत तेच. साध्या भावंडाचा तुकडा आम्ही आधीच वाचून ठेवला होता, त्याच्याशी शंभर टक्के जुळत होता. एका अक्षराचाही फरक नाही. मी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मग सरांना फोन केला.

सरांनी तो आकडा मला परत वाचायला लावला.

“म्हणजे ते चार फाटे हा नुसता फरक. एकाच जातीतला.”

“यंत्र तरी तसंच म्हणतंय सर.”

“यंत्र खोटं कशाला बोलेल?” सर म्हणाले. “आपणच मनाचे मांडे खात होतो.”

“काकींना सांगणार?”

“विचारेल ती. विचारल्यावर काय सांगू?”

मला मनापासून वाटत होतं की सरांनी खोटं बोलावं. नवी निघाली म्हणावं, काकींच्या हातात एक चिठ्ठी द्यावी लिहायला, कुणाचं काय बिघडणार होतं. पण सरांना मी ओळखत होते. ऑक्टोबरच्या चार तारखेला, सोमवारी, काकी गेल्या.

दिवस झाले, मी जाऊन आले. सरांशी काही बोलता आलं नाही. घरात पाहुणे होते आणि कपाटांवर कुणीतरी चादरी टाकल्या होत्या.

डिसेंबरात प्रबंधासाठी साक्षीदारांचे फोटो काढायला घेतले. एकेक पुडी उघडायची, बुडखा काचेवर, फोटो, पुढची. त्या शुक्रवारची पुडी हाताला आली. पहिला बुडखा उलटा केला. दोन फाटे. दुसरा. दोन फाटे. तिसराही उलटा केला. दोन.

काकींचं लिव्हरवर्ट नळीत गेलंच नव्हतं. मी साध्यालाच विचारलं होतं की तू साधं आहेस का, आणि ते हो म्हणालं होतं.

ते मूळ पाकीट सप्टेंबरातच सरांकडे परत गेलं होतं, पण बशीत ओतलेला थोडा चुरा मी डबीत ठेवला होता. तीन दिवस मी मायक्रोस्कोपवरून उठले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक काडी उलटी केली आणि चार फाटे दिसले. इतके स्वच्छ दिसत होते, की एकदा बघितल्यावर कुणाचीही चूक झाली नसती. आणखी दोन मिळाल्या. साक्षीदार आधी बघितले, फोटो काढले, मग शेंडे चिरडले. आठ दिवसांनी उत्तर आलं. कुणाशीच जुळत नव्हतं. साध्यापेक्षा चार टक्के वेगळं, आणि जगात दुसऱ्या कुणी वाचलेल्या कशाशीही त्याहून जवळ नाही.

मी कागद घेऊन जयसिंगपूरला गेले. चौदा डिसेंबर, मंगळवार. सर ओसरीवर बसले होते, दाढी वाढलेली. एसटीत मी बोलायचं सगळं घोकून ठेवलं होतं. प्रत्यक्षात उभ्या उभ्याच सांगून टाकलं. लाइट गेली ते, खिडकीतलं भिंग, पुडी ड्रॉवरमध्ये टाकली ते. आणि फोनवर मी हो म्हटलं ते.

सर ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, “किती वेगळं आहे?”

“चार टक्के.”

“चार.” त्यांनी कागद घेतला, चष्मा शोधला, अक्षरांची रांग बोटानं वाचत गेले. एक क्षण त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “म्हणजे बरोबर होतं. तिची नजर बरोबर होती.” मग कागद तसाच मांडीवर राहिला आणि सर माझ्यासमोर रडले. हमसून नाही. नुसतं पाणी येत राहिलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

“तुम्ही काकींना काय सांगितलं होतं सर?”

“खरं ते सांगितलं. म्हणजे तू सांगितलंस ते.” सर उठले, कपाटावरची चादर काढली. “म्हणाली, असू दे की. साधं असतंय तेच जगात जास्त असतंय. मला म्हणाली, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मग दोन दिवस काही बोलली नाही. एकोणतीस तारखेला म्हणाली, ते पाकीट आणा, चिठ्ठी कोरी राहिलीय त्याची. म्हटलं, मी लिहितो. तर म्हणाली, तुमच्या अक्षरात नको.”

त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं.

अकरा वर्षं कोरी असलेली ओळ भरलेली होती. साध्या भावंडाचं नाव, पूर्ण, लॅटिनमध्ये. शेवटची दोन अक्षरं जरा खाली उतरली होती, एरवी अक्षर तेच. खाली, गोळा करणार: अ. चौगुले. आणि त्याच्याखाली, ओळखणार: वृ. इंगवले. तारीख एकोणतीस सप्टेंबर.

“माझं नाव कशाला सर?”

“मी म्हटलं होतं माझं घाल. ती म्हणाली, शोधलंय पोरीनं, तिचं घालते. कुणाच्या कामावर आपलं नाव नको. तिचं पहिलंच पाकीट आहे, खूश होईल.”

मी पाकीट घट्ट धरून बसले. नंतर म्हटलं, “ही चिठ्ठी काढू सर. नवी लावू. नको राहायला ती.”

“काढायची नसते,” सर म्हणाले. आवाज वर्गातला. “पहिल्याच वर्षी शिकवलंय तुला. जुनी ओळख चुकली तरी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही. नवी खाली लावायची. कोण कुठं चुकलं ते पुढच्याला दिसलं पाहिजे.”

“सर, मला क्षमा...”

“तिनं केलीय की. दरवर्षी सगळ्यांना करायची, कुणी मागो न मागो.” सर कपाटाकडे बघत होते. “माझं मला माहीत नाही. आज नाही जमायचं मला. तू लिही.”

टेबलावर काकींचा पेन होता. मी नवी चिठ्ठी लिहिली, जातीच्या नावात पद्मावती घालून. हात सांभाळून लिहिली तरी वाकडीच झाली. सरांनी पुढची दोन वर्षं क्षमावाणीला मला फोन केला नाही. तिसऱ्या वर्षी केला, दोनच शब्द बोलले आणि ठेवला. त्यानंतरच्या पावसाळ्यात तेही गेले.

आता ती तिन्ही कपाटं आमच्या कॉलेजात आहेत आणि किल्ल्या माझ्याकडे. दरवर्षी नवी मुलं येतात, मी त्यांना पाकिटाची घडी शिकवते. माझी तिसरी घडी अजून उलटी पडते. मग ते पाकीट दाखवते, कारण नवी जात म्हणजे काय ते त्यावर दाखवता येतं. कुणीतरी विचारतंच.

“मॅडम, वरच्या चिठ्ठीवरचं अक्षर कुणाचं? किती सुरेख आहे.”

“खालच्या चिठ्ठीत जिचं नाव आहे ना, तिचं.”

मुलगी वाकून दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा वाचते.

“मग त्यांनी स्वतःच चुकीचं का लिहिलं?”

“मी सांगितलं म्हणून,” मी म्हणते.